खुल्या जगाचे गावकूस

आपल्या चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांपुढे संगणकावरच्या खेळांचा विषय काढला, की ते एक तर हसतात, नाही तर चिडतात. पोरे वाया चालली, अभ्यासिका ओस पडल्या, डोळे गेले, पैसा गेला, ही तक्रार बुलडाणा जिल्ह्यात घाटावर ऐकू येते तशी घाटाखालीही ऐकू येते. या तक्रारीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु जी गोष्ट आपली मुले रात्र रात्र जागून करतात, जिच्यातील राजे, देव आणि राक्षस त्यांना मुखोद्गत असतात, तिच्याविषयी आपल्या नियतकालिकांनी एक ओळही लिहू नये हे समर्थनीय नाही. तमाशाला नाके मुरडली जात होती त्या काळात सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी शाहिरांनी त्याच अंगाने जलसा उभा केला आणि माणसे जागी केली. लोकांच्या हाती जे माध्यम आहे त्याची चिकित्सा करायची, त्यातले विष ओळखायचे आणि घेण्यासारखे असेल ते घ्यायचे, ही आपली रीत आहे. त्या रीतीला धरून ‘एल्डन रिंग’ या खेळाविषयी, आणि तो खेळणारे एकमेकांना जे सांगतात त्याविषयी, येथे काही मांडायचे आहे.

निमित्त झाले ते घाटाखालच्या एका विद्यार्थ्याचे. चार मित्रांनी मिळून घेतलेल्या जुन्या संगणकावर तो हा खेळ खेळत होता. खेळाची किंमत हजारांत, वीज येऊनजाऊन, त्यामुळे एक खेळणार आणि तिघे पाहणार, अशी ती बैठक. (या बैठकीत एकही मुलगी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.) सुरुवातीला पात्र निवडायचे असते. दहा पात्रांपैकी शेवटच्या पात्रावर बोट ठेवून तो म्हणाला, “पाहा सर, याच्यापाशी काहीच नाई. कपडे नाई, ढाल नाई, नुसतं दांडकं. हा आपलाच माणूस हाये.” हे विधान मला विचारात पाडणारे वाटले. ते खरे आहे काय? आणि खरे नसेल तर त्याला तसे का वाटले? या दोन प्रश्नांभोवतीच हा लेख आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख देणे भाग आहे. जपानमधील फ्रॉम सॉफ्टवेअर या कंपनीने तयार केलेला हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बाजारात आला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे. त्यातील पुराणकथेची बैठक रचली ती जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराने. २०२५ पर्यंत त्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. या जातीच्या खेळांना ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे खुल्या जगाचे खेळ म्हणतात. खेळणाऱ्यापुढे एक विस्तीर्ण प्रदेश मोकळा सोडलेला असतो. कोणत्या वाटेने जायचे, कोणाशी कधी लढायचे, हे त्याने ठरवायचे. लढताना हाताची चपळाई लागते आणि लढून मिळवलेल्या बळावर आपले पात्र हळूहळू वाढवायचे असते. मेलात तर मिळवलेले सारे जेथे पडलात तेथे सांडते. परत जाऊन उचलायची एक संधी मिळते. वाटेत पुन्हा मेलात तर तेही गेले.

कथा थोडक्यात अशी. सोन्याच्या एका महावृक्षाच्या छायेत मारिका नावाच्या राणी-देवतेचे राज्य आहे. त्या राज्याचा जो धर्म, त्याला ‘गोल्डन ऑर्डर’ म्हणतात. आपण त्याला सुवर्णधर्म म्हणू. हा धर्म ज्या कड्यावर उभा आहे ते कडे फुटते, राणीची मुले त्याचे तुकडे घेऊन आपसांत लढतात आणि राज्य उद्ध्वस्त होते. आपण ज्याच्या रूपाने खेळतो तो ‘टार्निश्ड’, म्हणजे कलंकित. त्याच्या पूर्वजांवरची देवकृपा एके काळी काढून घेण्यात आली आणि त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. आता व्यवस्था मोडल्यावर त्याच हद्दपारांना परत बोलावणे आले आहे. पराभूत होऊन तुटलेली आणि गावाबाहेर ठेवली गेलेली माणसे हा बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त ज्यांनी वाचला आहे, त्यांचे कान हे ऐकून टवकारतील. माझ्या विद्यार्थ्याचे टवकारले ते यामुळेच.

आता त्या शेवटच्या पात्राकडे येऊ. त्याचे नाव ‘रेच’, म्हणजे हीनदीन. इतर नऊजण पाचव्यापासून दहाव्यापर्यंतच्या पायरीवरून सुरुवात करतात. हा पहिल्या पायरीवर. त्याचे आठही गुण प्रत्येकी १०. अंगावर चिंधी आणि हातात सोटा. अनुभवी खेळाडू नवख्याला सांगतात की याच्या वाटेला जाऊ नकोस; तलवार, ढाल आणि चिलखत असलेला ‘व्हॅगाबाँड’ घे, किंवा लांबून बाण मारता येणारा ‘सामुराई’ घे. हा सल्ला व्यवहाराचा आहे आणि बरोबर आहे. परंतु तेच अनुभवी लोक खेळ दोन-चार वेळा पार करून झाल्यावर मुद्दाम हीनदीन निवडतात. कशासाठी? तर आव्हान म्हणून! दैन्य ही येथे हौस आहे. सोडावेसे वाटले की सोडता येते, पुन्हा घ्यावेसे वाटले की घेता येते. ज्यांना दैन्य जन्माबरोबर मिळते आणि मरणाबरोबरही सुटत नाही, ज्यांच्या प्रेतासाठी गावाने वेगळे मसणवट नेमून दिलेले असते, त्यांना हा विनोद लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट. हीनदीन एकदा दार ओलांडून जगात आला की त्याला कोणीही हीनदीन म्हणत नाही. सामुराई असो, ज्योतिषी असो, चिंधीवाला असो, त्या जगातले लोक सर्वांना एकाच नावाने हाक मारतात : कलंकित. कलंक सर्वांना सारखा वाटून दिलेला आहे. दोन-तीन तास खेळल्यावर हीनदीनाच्या अंगावर चिलखत चढते आणि तो कोठून आला हे कोणाला ओळखूसुद्धा येत नाही. आपल्याकडे माणूस कलेक्टर झाला तरी पहिला प्रश्न येतो, “पूर्ण नाव सांगा.” आडनाव कळेपर्यंत समोरच्याला चैन पडत नाही. बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला दिले. जात चोरावी लागते, कारण ती उतरवून ठेवता येत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे, की हा हीनदीन आपला माणूस नव्हे. त्याच्यापाशी दारिद्र्य आहे, जात नाही. दारिद्र्याच्या पायऱ्या चढून जाता येते. श्रेणीबद्ध विषमतेच्या पायऱ्या चढणाऱ्यासाठी बांधलेल्याच नसतात.

तरी त्याला ओढ वाटली ती खोटी नव्हे. खुले जग ही कल्पनाच आपल्या लोकांना नवी आहे. वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला १९०१ साली निघालेला लहानगा भीमराव आणि त्याच्याबरोबरची मुले मसूर स्टेशनावर उतरली, तेव्हा गाडीवान त्यांच्याजवळ बसायला तयार नव्हता; पोरांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि सोबत जेवण असूनही पाण्यावाचून रात्र काढली. त्या मुलांपुढेही मैदान मोकळेच होते, रस्ता मोकळा होता. पाणी मात्र बंद होते. १९२७ साली महाडचे तळे आणि १९३० साली नाशिकचे काळाराम मंदिर ही जग खुले करण्याचीच आंदोलने होती. अशा परंपरेतून आलेल्या मुलाला कोणत्याही दारात शिरता येते, पाण्यातून घोडा घालता येतो, कोणी ‘कोण रे तू?’ म्हणत नाही, असा प्रदेश पडद्यावर दिसला तर तो त्यात रमणारच. त्याच्या रमण्यावर रागावण्यापूर्वी हे समजून घेतले पाहिजे.

आता खेळणाऱ्यांच्या सल्ल्याकडे वळू. कारण माझ्या मते या खेळाचे खरे वाङ्मय तेथे आहे.

पहिला सल्ला वळसा घालण्याचा. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडताच घोड्यावर बसलेला एक सोनेरी शिलेदार रस्त्यात उभा असतो. महावृक्षाचा तो पहारेकरी. नवखे त्याच्यावर धावून जातात आणि एका फटक्यात मरतात. जाणते सांगतात : त्याला सोड, कडेने जा, घोडा मिळव, दक्षिणेच्या भागात फिरून बळ वाढव, मग ये. आधी प्राणशक्ती वाढव, शस्त्राचा थाट नंतर. हा सल्ला ऐकून आमच्यातील एखादा विद्रोही म्हणेल, ही शरणागती झाली. आम्ही पिढ्यान्पिढ्या रस्त्याच्या कडेनेच चाललो. पण कडेने चालायला लावले जाणे वेगळे आणि परत येण्याच्या निश्चयाने कडेने जाणे वेगळे. शिकून घ्या, संघटित व्हा आणि मग संघर्ष करा, यातला क्रम ज्यांना कळतो त्यांना हा सल्ला परका वाटणार नाही. फरक एवढाच, की येथे सांगणारा ‘परत ये’ हे शब्द विसरत नाही.

दुसरी गोष्ट खुणांची. या खेळात खेळणारा जमिनीवर दुसऱ्यांसाठी निरोप लिहून ठेवू शकतो. मात्र मनातले शब्द लिहिता येत नाहीत. खेळाने दिलेले ठरावीक साचे आणि ठरावीक शब्द जोडूनच निरोप करावा लागतो. म्हणून जपानमधल्या मुलाने ठेवलेला निरोप ब्राझीलच्या मुलाला त्याच्या भाषेत वाचता येतो. तो निरोप कोणाला उपयोगी वाटून त्याने तसा कौल दिला, तर लिहिणाऱ्याला, तो जेथे कोठे लढत असेल तेथे, प्राणशक्ती मिळते. कधी न भेटलेल्या माणसाच्या उपयोगी पडल्याबद्दल आयुष्य वाढावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटली. पण या शब्दकोशाची मर्यादाही पाहिली पाहिजे. ‘पुढे शत्रू आहे’ असे त्यात म्हणता येते. ‘हा शत्रू कोणी नेमला’ असे म्हणता येत नाही. आणि त्या कोशात मराठी नाही. आमच्या पोरांना सल्ला घ्यायचा तर इंग्रजीतून आणि द्यायचा तरी इंग्रजीतूनच.

निरोपांत खोटेही पुष्कळ असतात. भरभक्कम भिंतीपुढे कोणी लिहितो, ‘पुढे गुप्त वाट आहे’. शंभरजण त्या भिंतीवर डोके आपटतात. कड्याच्या टोकाशी कोणी लिहितो, ‘उडी मार’. जाणते सांगतात, निरोपावर जाऊ नकोस, शेजारी रक्ताचे डाग किती आहेत ते पाहा. कारण जो जेथे मरतो तेथे त्याच्या रक्ताचा डाग उरतो आणि त्याला हात लावला की त्याचे शेवटचे काही क्षण लाल छायेसारखे डोळ्यांपुढे हलतात : कोणत्या बाजूने आला, कोठे पाय घसरला, कसा पडला. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणाला म्हणून मानू नका. स्वतः तपासून घ्या, हा बुद्धाचा कालामांना केलेला उपदेश. डाग मोजून निरोपाची पारख करणारा खेळाडू नकळत त्याच वाटेने चालतो. निवडणुकीच्या दिवसांत वस्तीत येणाऱ्या निरोपांना हीच कसोटी लावली तर पुष्कळ डोकी फुटायची वाचतील.

हे डाग पाहताना मला आपली आत्मकथने आठवली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चे, कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ चे, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ चे. आम्ही येथे पडलो, असे पडलो, मागून येणाऱ्याने पाहून पाय टाकावा, हेच या ग्रंथांनी सांगितले. पण खेळातला डाग मुका आहे. तो पडणे दाखवतो, ढकलणाऱ्याचे नाव सांगत नाही. दलित आत्मकथनाने नाव सांगितले, म्हणून तर प्रस्थापितांना ते झोंबले.

तिसरी गोष्ट गुणवत्तेची, आणि ती आपल्या जिव्हाळ्याची. या खेळाच्या चाहत्यांत एक वाक्प्रचार रूढ आहे : ‘गिट गुड’. कोणी अडले, कोणी विचारले, की त्याच्या तोंडावर फेकायचे. अर्थ असा, की आधी लायक हो, मग बोल. खेळात मदतीच्या सोयी आहेत. आत्म्यांना बोलावून बरोबर लढवता येते. दुसऱ्या खेळाडूला हाक मारता येते. परंतु अशी मदत घेऊन जिंकणाऱ्याला काही कर्मठ लोक जिंकलेला मानतच नाहीत. ‘तू जिंकला नाहीस, तुला जिंकवले,’ असे ते म्हणतात. हे वाक्य आपल्या मुलांनी कोठे ऐकले आहे? वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात, बँकेच्या कचेरीत, बढतीच्या यादीपुढे. आरक्षणाविरुद्धचा सारा युक्तिवाद या एका वाक्यात मावतो. गंमत ही, की खेळाचे दिग्दर्शक मियाझाकी यांनीच २०२४ साली सांगितले, की आपण खेळण्यात चांगले नाही आणि खेळताना खेळाने दिलेली मिळेल ती सर्व मदत घेतो. ज्याने कायदा लिहिला तो म्हणतो मदत कायद्यातच आहे. भोवतालचे कर्मठ म्हणतात मदत घेणे हा कमीपणा. संविधान आणि समाज यांच्यातील तफावत आपण रोज अनुभवतो, ती अशीच. आणि हे कर्मठ तरी एकटे कोठे जिंकले? दुसऱ्यांचे निरोप वाचून, दुसऱ्यांचे डाग पाहून, दुसऱ्यांनी लिहिलेल्या युक्त्या पाठ करूनच ते तेथवर आले. वाटेत मिळालेले हे वडिलोपार्जित भांडवल मोजायचे नाही आणि दुसऱ्याची मदत तेवढी मोजायची, याला गुणवत्ता म्हणण्याची चाल फार जुनी आहे.

याच्या नेमका उलट एक प्रसंग खेळणाऱ्यांच्या जगात २०२२ साली घडला. या खेळात मलेनिया नावाची एक योद्धी आहे; तिच्यापुढे भलेभले हरतात. त्या वर्षी एक अनाम खेळाडू तिच्या दारात उभा राहू लागला. ‘लेट मी सोलो हर’, म्हणजे तिच्याशी मला एकट्याला लढू द्या, हे त्याने घेतलेले नाव. अंगावर जवळजवळ काही नाही, दोन हातांत दोन तलवारी आणि डोक्यावर मडके. अडलेल्याने हाक मारावी, याने येऊन लढावे आणि निघून जावे. असे त्याने शेकडो अनोळखी माणसांसाठी केले. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. माझी नजर मात्र त्या मडक्यावर खिळली. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर थुंकी पडू नये म्हणून अस्पृश्याच्या गळ्यात मडके बांधले जाई, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त नोंदवले आहे. त्या मडक्याची आठवण असलेल्या माणसाला हे मडके पाहून काय वाटेल, हे त्या खेळाडूला ठाऊक असण्याचे कारण नाही. चिन्हे अशीच असतात. ज्याच्या हाती पडतील त्याप्रमाणे ती अपमान होतात किंवा मान होतात.

येथपर्यंत खेळणाऱ्यांविषयी झाले. आता खेळाच्या आतील गावकुसाकडे जाऊ, कारण खुल्या जगालाही गावकूस आहे.

सुवर्णधर्माच्या या राज्यात काही बालके अंगावर शिंगे घेऊन जन्मतात. त्यांना ‘ओमेन’, म्हणजे अपशकुनी म्हणतात. सामान्य घरी असे मूल जन्मले तर त्याची शिंगे छाटतात आणि त्यात बहुतेक मुले मरतात. राजघराण्यात जन्मले तर छाटत नाहीत. राजधानीखालच्या गटारांत कोणाला न कळवता कायमचे कोंडतात. आणि खेळ याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो. फार पूर्वी हीच शिंगे पवित्र मानली जात. ‘सुसंस्कृतपणा’ वाढला तशी ती अशुद्ध ठरली. म्हणजे विटाळ निसर्गाने दिलेला नाही, इतिहासाने घडवलेला आहे. अस्पृश्यता अनादी नाही, ती एका काळी सुरू झाली, हे सिद्ध करण्यासाठी बाबासाहेबांना ग्रंथ लिहावा लागला. येथे तेच तत्त्व एका वस्तूच्या वर्णनात दोन ओळींत येऊन जाते आणि बहुसंख्य खेळणारे ते न वाचता पुढे जातात.

या गटारात वाढलेल्यांपैकी एक मॉरगॉट. राणीचाच मुलगा, पण शिंगे असलेला. मोठा होऊन तो काय करतो? ज्या धर्माने त्याला गटारात टाकले त्याच धर्माचा रखवालदार होतो. खरे रूप झाकून राज्य चालवतो आणि हद्दपार होऊन परतलेल्यांना दारातच ठार मारतो. महावृक्षाने त्याच्यावर कधी प्रेम केले नाही; तो मात्र करीत राहिला. या पात्राला खेळणारे ‘बॉस’ म्हणतात, त्याला कसे मारावे याच्या युक्त्या एकमेकांना सांगतात. मला तो आपल्या समाजजीवनातला अत्यंत ओळखीचा माणूस वाटला. सत्तेच्या वळचणीला बसून आपल्याच वस्तीवर काठी उगारणारे मॉरगॉट कोणत्या तालुक्यात नाहीत? त्यांच्याविषयी संताप येतो, तसाच खेदही वाटतो. आणि दोन्ही एकदम वाटायला लावणे हे या कलाकृतीचे यश मानले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून काळ्या बसाल्टात झालेले ते विवर. काठाने गेले तर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे. शास्त्राने सांगितलेली ही हकिगत अलीकडची. लोकांनी ऐकलेली हकिगत वेगळी : येथे जमिनीखाली लवणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूने त्याला मारले. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच विजयाचे. जमिनीखाली राहणारा, वरच्यांना नकोसा, आणि मारला गेला म्हणून ज्याच्यावर देऊळ उभे राहिले असा हा दैत्य कोण होता, हा प्रश्न आपल्याला जोतीराव फुल्यांनी विचारायला शिकवला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी अवतारांच्या कथा उलट्या करून वाचल्या, राक्षस म्हणजे मुळात या भूमीचे रक्षक, असा अर्थ लावला. ‘एल्डन रिंग’मधील प्रत्येक राक्षसाच्या मागे असा एक इतिहास ठेवलेला आहे आणि तो शोधणाऱ्यालाच सापडतो. म्हणून फुले वाचलेला मुलगा हा खेळ इतरांपेक्षा अधिक खोल खेळू शकेल.

याच्याशी तुलना करावी अशी एक घरची गोष्ट आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला. तो खुल्या जगाचा नाही, लहान आहे. भावाच्या शोधात निघालेल्या गरीब डोंबारी मुलीची ती कथा. चित्रे देखणी, भारतीय कारागिरीचा अभिमान वाटावा अशी. पण त्यातल्या खलनायकाचे नाव काय? महाबलासुर! देव चांगले, असुर वाईट, ही वाटणी तेथे जशीच्या तशी आहे. ज्या पुण्यात ‘गुलामगिरी’ लिहिली गेली, ज्या महाराष्ट्रात आयाबाया दिवाळीला बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतात, तेथल्या कलावंतांना असुराकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहावेसे वाटले नाही. जपानी खेळाने जो प्रश्न निदान वस्तूंच्या वर्णनांत ठेवला, तो आपल्या घरी विचारलाच गेला नाही.

‘एल्डन रिंग’चेही सारे मान्य करावे असे नाही. त्यात एक पात्र आहे, ‘डंग ईटर’, म्हणजे शेण खाणारा. तो माणसे मारतो आणि त्यांच्या प्रेतांत शाप पेरतो. पुढची सारी पिढी शापित जन्मावी ही त्याची इच्छा. सारेच शापित झाले तर शापित असा कोणी उरणार नाही, असे काही खेळाडू त्याचे समर्थनही करतात. पण किळस निर्माण करण्यासाठी लेखकाला शेणच सुचावे, हे लक्षात घ्या. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या ‘अक्करमाशी’त शेणातल्या ज्वारीच्या दाण्यांची भाकर आहे. तेथे शेण किळसवाणे नाही, ती भूक आहे. किळस येते ती भूक लादणाऱ्या व्यवस्थेची. घाणीचा संबंध दुष्टतेशी जोडण्याची सवय पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोन्ही अभिजनांत आहे आणि हा खेळ तीतून सुटलेला नाही.

२१ जून २०२४ रोजी या खेळाचा पुढचा भाग आला, ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’. त्यात राणी मारिकाचे पूर्वायुष्य कळते. तिच्या जमातीच्या माणसांना शिंगवाल्यांनी मोठमोठ्या मडक्यांत इतरांच्या मांसाबरोबर कोंबले होते. तेव्हा शिंगे असणारे वर होते आणि ती खाली. सत्ता हाती येताच तिच्या मुलाने शिंगवाल्यांची गावे जाळली. आणि तिच्या राज्यात शिंगे घेऊन जन्मणारी मुले गटारात गेली. पीडितेने सूड घेतला, सिंहासन घेतले, धर्म स्थापला आणि त्या धर्माला पुन्हा एक अस्पृश्य लागला. आपल्या चळवळीने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे. आपल्यातल्याच एखाद्या पोटजातीला, आपल्या घरातल्या बाईला, आपण कोणत्या मडक्यात कोंबले आहे काय? वैराने वैर शमत नाही हे सांगणारा बुद्ध बाबासाहेबांनी का निवडला, याचे उत्तर या कथेच्या उजेडातही दिसते.

शेवटी शेवटांविषयी. खेळाला एकूण सहा शेवट आहेत. त्यांपैकी चार शेवटांत मोडलेले कडे सांधून सिंहासनावर बसायचे असते. फरक एवढाच की कोणते सूत्र घालून सांधायचे. एका शेवटात सारे जग जाळून टाकायचे. एकात रानी नावाच्या देवकन्येबरोबर ती व्यवस्था माणसांपासून दूर ताऱ्यांकडे घेऊन जायची. खेळणाऱ्यांत यावर मोठे वाद आहेत. ताऱ्यांचा शेवट पुष्कळांना आवडतो, संतापलेल्यांना आगीचा. माझ्या विद्यार्थ्यांत दोघे आगीच्या बाजूचे निघाले आणि त्यांचा राग मला कळला. परंतु सहाही शेवटांत कोठे गटाराचे झाकण उघडून आतल्यांना माणूस म्हणून वर आणलेले नाही. सहाही शेवटांत कलंकिताला एकच पद मिळते, धनी होण्याचे. एकाचा धनी बदलतो. धनीपण तसेच राहते.

लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि न होऊ शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांधण्याच्या या साऱ्या वाटा तपासल्या होत्या. सहभोजन तपासले, आंतरजातीय विवाह तपासला, आणि ज्या पावित्र्यावर जात उभी आहे ते पावित्र्यच नाकारल्याशिवाय इलाज नाही, या निष्कर्षाला ते आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी जे केले तो या खेळात नसलेला सातवा शेवट आहे. तेथे कडे सांधले नाही, जग जाळले नाही आणि सिंहासनही मागितले नाही. लाखो माणसे एका मैदानावर उभी राहिली आणि त्या व्यवस्थेतून चालत बाहेर पडली. जगातल्या इतक्या कुशल कलावंतांना जो शेवट सुचला नाही तो आपल्या निरक्षर आजोबा-आज्यांनी प्रत्यक्ष जगून दाखवला, हे आपल्या मुलांना कोणी सांगायचे?

ते आपणच सांगायचे आहे, आणि त्यांच्याजवळ बसून सांगायचे आहे. शिक्षकांना माझी विनंती अशी, की मुलाच्या हातातले यंत्र हिसकावण्यापूर्वी एक तास त्याच्या शेजारी बसा आणि विचारा : येथे राक्षस कोण, त्याला राक्षस कोणी ठरवले, गटारात कोण राहतो, आणि शेवटी सिंहासनाखेरीज दुसरे काही मिळते काय? खेळणाऱ्या तरुणांना विनंती अशी, की जे सल्ले तुम्ही इंग्रजीत वाचता ते मराठीत, वऱ्हाडीत लिहा. जेथे तुम्ही पडलात ती जागा मागून येणाऱ्याला दाखवा. आणि तुमच्या बैठकीत मुलींना जागा करा. उद्या तुमच्यापैकी कोणी खेळ रचायला बसलाच, तर त्याच्या हाताशी लोणारचे विवर आहे, मसूरची बैलगाडी आहे, महाडचे तळे आहे. हीनदीन आपला माणूस नाही असे मी वर म्हटले. आपला माणूस अजून कोणी रचलेलाच नाही, हे त्या विद्यार्थ्याला मी सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मंग आपणच रचू ना, सर.”